भेगेच्या भिंती

माणगाव
१८ नोव्हेंबर २०२४

सुजित,

पत्र बघून चमकशील. बारावीनंतर आपण एकमेकांशी धड बोललोही नाही. मी प्रांजली, बाळाराम गुरुजींची. दिवाळीला घरी आले होते तेव्हा तुझी आई आमच्या पडवीत बसली होती. इंदूमावशी एवढी वाळलेली मी कधी बघितली नव्हती. म्हणाली, "तुरुंगात भेटायला जाते तर तोंड दाखवत न्हाय. तू लिही गो. तुझा वाचंल तो." म्हणून लिहिते आहे. पत्र उघडून वाचतात हे मला माहीत आहे, तरीही.

हितेशदादाचं ऐकल्यापासून मला नीट झोप नाही. शाळेत असताना त्याच्या होडीतून आपण खाडी ओलांडायचो. गॅसच्या विहिरीवर नोकरी लागली तेव्हा अख्ख्या कोळीवाड्यात पेढे वाटले होते इंदूमावशीने.

एक गोष्ट आताच सांगते, नंतर दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. मी माणगावला खडक तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. गुजरातेतल्या त्या विहिरीतून वर काढलेला दगड तपासायला आमच्याकडेच आला होता. तो मीच तपासला.

आईला भेट. मला शिव्या द्यायच्या असतील तर पत्रातून दे, पण तिला भेट.

प्रांजली


अलिबाग कारागृह
२९ नोव्हेंबर २०२४

प्रांजली,

तुझा कागद भेटला. वकील बोलला हाय की कोणाला कायपण लिहू नको. म्हणून मी काय केलं ते लिहीत न्हाय. काय बघितलं ते लिहितो, त्याला कोण अडवणार?

दादूसची पेटी घेऊन गाडी आली तेव्हा सगळा वाडा रस्त्यावर होता. कंपनीनं एक चष्मेवाला पोरगा पाठवलेला, माझ्याच वयाचा. हात जोडून बोलला, "पेटी उघडू नका, प्लीज. तशीच न्या." मी बोललो, माझा भाऊ हाय, मी बघणार. खिळे कोयत्यानं काढले.

प्रांजली, छातीपासून वर माणूसच न्हवता. कापडाची गुंडाळी केलेली, आत काय भरलेलं देव जाणे. एक हात धड होता, त्यावर रुचिका वहिनीचं नाव गोंदलेलं, त्यावरून ओळखला. वहिनी ओरडलीपण न्हाय, खाली बसली आणि डोकं रस्त्यावर आपटाया लागली. बायांनी धरली तोवर कपाळ फुटलेलं. तो चष्मेवाला पुढं होऊन तिला उचलाया वाकला. तिला हात लावला त्यानं.

पुढचं लिहीत न्हाय.

इथं मला कोण सांगत न्हाय की दादूस मेला कशानं. कंपनी बोलते अपघात. पाइप फुटला म्हणजे काय? नवा कोरा पाइप हाय, तो फुटतो कसा? तू दगड बघितलायस तर तू सांग. मी वाचीन.

सुजित


माणगाव
८ डिसेंबर २०२४

सुजित,

तू विचारलंस म्हणून सांगते. कुठे समजलं नाही तर तुझ्या भाषेचा नाही, माझ्या सांगण्याचा दोष.

तिथे जमिनीखाली खूप खोल शेल नावाचा खडक आहे. काळा, पाटीसारखे थर असलेला. त्याच्या पोटात गॅस असतो पण बाहेर यायला वाट नसते. म्हणून वरून प्रचंड दाबाने पाणी सोडून त्याला भेगा पाडतात, आणि त्या मिटू नयेत म्हणून पाण्यासोबत वाळू आत कोंबतात. वरचा सगळा खडक त्या भेगा मिटवायला टपलेलाच असतो. आतल्या गॅसचा दाब त्यांना उघडं धरतो. गॅस काढत गेलं की तो दाब उतरतो आणि खडकाचा भार भेगेवर येतो.

आता भेग किती मिटणार ते तिच्या दोन भिंतींवर अवलंबून. फुटलेल्या कौलाचे दोन तुकडे जरा सरकवून एकावर एक ठेव. कडा खडबडीत असतात, त्यामुळे मध्ये फट राहते. वर उभा राहिलास तर उंचवट्यांची टोकं चिरडतील, पण फट पूर्ण जाणार नाही. तेच शाळेतल्या दोन पाट्या एकावर एक ठेवल्या तर मध्ये काही उरत नाही. आणि एकदा दाबून मिटलेली फट भार काढला तरी पहिल्यासारखी उघडत नाही. माझं काम हेच. दगड फोडायचा, दोन भाग पोलादी नळकांड्यात घालायचे, चारी बाजूंनी दाबायचे, आणि मधून गॅस किती जातो ते बघायचं.

त्या विहिरीतला दगड पाटीसारखा गुळगुळीत फुटत होता, वर चिकणमाती भरपूर. थोडा भार वाढवला की गॅसची वाट जवळजवळ बंद. अशा विहिरीचा वाल्व चिमूटभर उघडायचा आणि महिनोन्‌महिने तसाच ठेवायचा, असं आम्ही कळवलं होतं. तो भसकन उघडला गेला. आतला दाब एकदम पडला, भेगा मिटत आल्या आणि गॅस उरलेल्या चिंचोळ्या वाटेने सुसाट निघाला, सैल वाळू बरोबर घेऊन. तेवढ्या वेगाची वाळू लोखंड कापते. पाइपच्या वळणावर ती आतून कापत राहिली. बाहेरून रंगसुद्धा गेला नव्हता. फुटला तेव्हा हितेशदादा त्या वळणाजवळ होता.

त्याला कळलंही नसेल, असं मला डॉक्टरांनी सांगितलं. ते खरं असावं.

प्रांजली


अलिबाग कारागृह
२० डिसेंबर २०२४

प्रांजली,

समजलं. चांगलं समजलं. गुरुजींची पोरगी हायस.

म्हणजे कोणीतरी उघडला. आपोआप न्हाय उघडला. ते तू लिहिलं न्हाय. "उघडला गेला" असं लिहिलंस. कोणी उघडला? तो चष्मेवाला ना? वाल्व, मीटर, सगळं त्याच्याकडं होतं असं पेपरात आलंय. मॅनेजर परेशनं तसं सांगितलंय.

इथं आतमध्ये पण एकजण मला बोलला की साहेबलोकांना हात लावायची काय गरज होती. मी जेवणाची थाळी त्याच्या तोंडावर घातली. ओठ फाटून दात बाहेर आला. मग त्याच्या चौघांनी मला संडासात धरला. दोन बरगड्यांत अजून कळ मारते, खोकलो की डोळ्यात पाणी येतं. तरी बरं वाटलं. हाताला काहीतरी काम लागलं.

आता लिहितोच, वकील गेला खड्ड्यात. वल्हं माझ्या हातात होतं. पहिला टोला मी मारला, डाव्या कानाच्या वर. नारळ फुटतो तसा आवाज आला. तो पडला, मग बाकीचे तुटून पडले, पण पहिला माझा. मला एकदापण वाईट वाटलं न्हाय. ज्यानं दादूसला मारला त्याला मी मारला. फिटलं.

वाड्यातला एक माणूस साक्ष देणार न्हाय. वकील बोलतो, गर्दी होती, तू पेटी उचलाया गेलेलास, एवढंच बोल, सुटशील. तो पोरगा तर बोलूच शकत न्हाय असं ऐकलंय.

सुजित


माणगाव
२ जानेवारी २०२५

सुजित,

तुझं पत्र वाचून फाडलं. मग जमिनीवर बसून तुकडे जुळवले, कारण उत्तर लिहायचं होतं.

मागच्या पत्रात मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. वाटलं, आपण दोषी माणसालाच मारलं, एवढा तरी आधार मागे राहिलेल्या भावाला असू दे. आता लपवणं मला जमणार नाही.

त्या मुलाचं नाव स्वराज. श्रीवर्धनचा. विहिरीतला दगड मेणात गुंडाळून तो स्वतः गाडीने माणगावला आणायचा, धक्का लागू नये म्हणून मांडीवर ब्लँकेटमध्ये धरून. मी दाब वाढवायचे आणि तो समोर बसून पडद्यावरची गॅसची रेघ खाली येताना बघायचा. म्हणायचा, "प्रांजली, हे परेशसाहेबांना कसं समजावू?" वाल्व चिमूटभर उघडा म्हणून रोज भांडणारा माणूस तोच. पाहुणे येणार होते, गॅस पेटवून मोठी ज्योत दाखवायची होती, म्हणून परेशला वाल्व पूर्ण उघडा हवा होता. स्वराजने वाल्वला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. परेशने कुलूप तोडलं. स्फोट झाल्यावर संध्याकाळी स्वराजने मला फोन केला होता. रडत होता. म्हणाला, "हितेशला मीच घरी नेणार. दुसऱ्या कुणाला त्याच्या आईशी बोलता येणार नाही."

मी हे चौकशीत सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही तिथे नव्हता, फोनवर ऐकलेलं. परेशने लेखी दिलंय की वाल्व स्वराजने उघडला. खोटं आहे हे एकच माणूस सांगू शकतो आणि त्याला आता बोलता येत नाही. डाव्या बाजूला मार बसला की वाचा जाते, सुजित. उजवा हात आणि पायही. त्याला सगळं कळतं, आणि तोंडातून फक्त घशाचा आवाज निघतो. मी समोर बसून बघितलंय.

फिटलं म्हणतोस. ज्याने हितेशदादाला मारलं तो रोज ऑफिसात जातो. आणि त्याच्याविरुद्ध बोलणारी जीभ तू वल्ह्याने बंद केलीस.

प्रांजली


अलिबाग कारागृह
२७ फेब्रुवारी २०२५

प्रांजली,

दोन महिने लिहिलं न्हाय. लिहिता येत न्हवतं. तुझं पत्र वाचलं आणि मला वाटलं तू त्यांची झालीस, लॅबवाले आणि कंपनीवाले एकच. तुला काय काय बोललो मनात ते इथं लिहिण्यासारखं न्हाय. मग भिंतीवर हात मारत राहिलो. शिपायांनी ओढला तेव्हा बोटांची हाडं दिसत होती. इस्पितळात टाके घातले. तिथंपण एकच दिसायचं, तो वहिनीला उचलाया वाकलेला.

आता ऐक. दादूस गेला त्या दिवशी दुपारी त्याचा फोन आलेला. मी बोटीवर होतो, इंजिनाचा आवाज, अर्धं ऐकू येत न्हवतं. बोलला, "इकडं साहेबलोकांची जुंपलीय. एकानं दुसऱ्याला ढकलून पाडला, कुलूप फोडला. आता मला बोलतो वाल्वचं चाक फिरव. दुसरा खालून ओरडतोय, हितेश नको फिरवू." मी हसलो, बोललो, तुझ्या साहेबांचं नेहमीचंच. तो बोलला, "फिरवतो बाबा, नोकरी हाय. कामावरचा पियूष सोबतीला हाय, घाबरू नको." आणि फोन ठेवला.

कोण ढकलणारा, कोण ओरडणारा, मला काय माहीत? मी ज्याला पहिला बघितला त्याला मारला. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं की खालून ओरडणारा कोण होता.

प्रांजली, चाक दादूसच्या हातानं फिरलं. हे मी कोणाला सांगितलं न्हवतं, आयेला न्हाय, वहिनीला न्हाय. वाडा त्याला हुतात्मा बोलतो. समुद्राकडच्या चौकात त्याचा फोटो लावलाय.

मी जेलरसाहेबांना बोललोय की मला चौकशीत बोलायचं हाय. सगळं बोलणार. वल्ह्याचंपण.

सुजित


माणगाव
१६ मार्च २०२५

सुजित,

अक्षर समजून घे, डाव्या हाताने लिहिते आहे.

चौकशी अधिकारी पुढच्या महिन्यात अलिबागला येणार आहेत, विहिरीवरचे रायगडचे कामगार तपासायला. तुझं नाव त्यांच्याकडे गेल्याचं तुझ्या वकिलाने ऐकलं आणि तो आमच्या घरी आला. बाबांना म्हणाला, "गुरुजी, त्याला समजवा. सुटत आलेला माणूस स्वतःहून आत जातोय." इंदूमावशीही आली होती. मला म्हणाली, "एक पोरगा मातीत घातला, दुसरा तू घाल."

गेल्या आठवड्यात परेश प्रयोगशाळेत आला, सोबत दोन माणसं. उरलेला दगड कंपनीचा आहे, परत द्या म्हणाला. चौकशीचा हुकूम आल्याशिवाय देणार नाही म्हटलं आणि कपाटाच्या खणावर हात ठेवून उभी राहिले. त्याने खण आपटून बंद केला. माझी दोन बोटं आत होती. आवाज मला आधी ऐकू आला, दुखणं मागून आलं. मग त्याने त्याच खणातून दगड काढले आणि अंगणातल्या कट्ट्यावर हातोड्याने एकेक फोडले, आमच्या सगळ्यांदेखत. जाताना म्हणाला, "आता दाबा काय दाबायचं ते." पोलिसात तक्रार दिली आहे.

त्याला एक माहीत नव्हतं. एक दगड खणात नव्हताच. तो पोलादी नळकांड्यात होता, दाबाखाली, यंत्र चालू होतं. परेश त्याच्याशेजारी उभा राहून ओरडत होता. तो दगड मी चौकशी अधिकाऱ्यांसमोर दाबून दाखवणार आहे.

तू बोलायलाच हवं असं मी म्हणणार नाही. तुला सात-आठ वर्षं होतील, कदाचित जास्त. आणि कोळीवाडा हितेशदादाचा फोटो उतरवेल. हे सगळं माहीत असून ठरव.

प्रांजली


अलिबाग कारागृह
४ मे २०२५

प्रांजली,

बोललो.

खोली भरलेली. परेश पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट. अधिकारी म्हातारे होते, आवाज हळू. मी फोनचं सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. त्यांनी विचारलं, "चाक कोणी फिरवलं?" मी बोललो, "माझ्या भावानं. मॅनेजरनं सांगितलं म्हणून. दुसरा साहेब नको नको ओरडत असताना." मागं वाड्यातली माणसं एकदम उठली. कोणीतरी चप्पल फेकली, ती माझ्या मानेवर बसली.

परेशचा वकील उठला. "हा गुन्हेगार आहे. स्वराजवर हल्ला केल्याचा आरोप याच्यावर आहे. आता सुटण्यासाठी गोष्टी रचतोय."

मी बोललो, "आरोप कशाला? मीच मारला. पहिला टोला माझा, वल्ह्यानं, इथं." आणि स्वतःच्या कानावर बोट ठेवून दाखवलं. "सुटायचं असतं तर गप बसलो असतो."

मला बाहेर नेत होते तेव्हा आये व्हरांड्यात उभी होती. मला वाटलं रडंल. तिनं कानफटात मारली, शिपायांच्या देखत. परत मारली. तिसऱ्यांदा हात उचलला आणि माझ्याच छातीवर पडली. माझे हात बांधलेले, तिला धरतापण येईना. शिपायानं धरली.

गाडीत बसवत होते तेव्हा मागून पियूष पळत आला. दादूसबरोबर विहिरीवर होता तो, नोकरी जाईल म्हणून आजवर गप होता. माझ्या बाजूनं सरळ चौकशीच्या खोलीत गेला. नंतर शिपाई बोलला की त्यानं पण साक्ष दिली, कुलूप फोडताना बघितलं म्हणून.

त्या रात्री इथं आमच्या बाजूच्या गावचा एकजण हाय, त्यानं मला झोपेत धरला आणि भिंतीवर डोकं आपटलं. मेलेल्या भावाचं नाव विकलं म्हणाला. कपाळाला टाके हायत. मी हात उचलला न्हाय. उचलावासा वाटला, पण न्हाय उचलला.

एक काम कर. स्वराजकडं जा. त्याला एवढंच वाचून दाखव: "मी सुजित, हितेशचा भाऊ. तुम्ही नको फिरवू असं ओरडलात ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्हाला मारलं ते मी. माफी मागायला तोंड न्हाय, पण मागतो."

सुजित


श्रीवर्धन
११ जून २०२५

सुजित,

परेशला अटक झाली. आमच्या यंत्रासमोर अधिकारी बसले होते. मी दाब चढवला आणि गॅसची रेघ बसली ती बसलीच. दाब उतरवला तरी वर आली नाही. त्यांनी विचारलं, "म्हणजे हे आधीच माहीत होतं?" मी म्हटलं, हो, स्वराजला माहीत होतं आणि त्याने परेशला सांगितलं होतं. पियूषची आणि तुझी साक्ष त्याला जोडली गेली. हितेशदादाचा फोटो चौकात अजून आहे. काही पोरं काढायला गेली होती, रुचिका वहिनी कोयता घेऊन समोर उभी राहिली.

आता स्वराज. मी इथूनच लिहिते आहे, त्याच्या घराच्या मागच्या वाडीत सुपारीखाली बसून.

तू सांगितलेलं मी त्याला वाचून दाखवलं. तो खुर्चीत होता. तुझं नाव आलं तसा त्याचा श्वास वाढला. "ओरडलात ते सांगितलं" इथपर्यंत माझ्याकडे बघत होता, डोळे भरले होते. मी पुढचं वाचलं. माफीचं. त्याने डाव्या हाताने स्टीलचा पेला उचलून फेकला. माझ्या भुवईवर लागला, रक्त आलं. त्याची आई धावत आली. तो थरथरत होता, तोंड वाकडं होत होतं, मान मागे ताठ. मला वाटलं झटका येतोय. आणि मग तो बोलला.

"नको."

आई जागच्या जागी बसली. सात महिन्यांत तिने त्याचा एक शब्द ऐकला नव्हता. तिने त्याचे गाल धरले, "परत बोल रे, परत बोल." त्याने माझ्या हातातल्या तुझ्या पत्राकडे बघितलं आणि पुन्हा तेच म्हणाला. "नको."

मी तुला खोटं सांगू शकले असते. त्याने तुला माफ केलेलं नाही.

प्रांजली


अलिबाग कारागृह
२० जून २०२५

प्रांजली,

नको बोलला ते बरोबर बोलला. मी असतो तर मी पण तेच बोललो असतो. पुन्हा त्याला माझं काय वाचून दाखवू नको.

आये काल भेटाया आली. मी गेलो बाहेर. जाळीतून बोट धरून बसली. मी तिला सांगितलं, तो पोरगा बोलला. तिनं विचारलं, काय बोलला? मी सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला.

तुझी भुवई बरी झाली का?

मला एवढंच लिहून कळव. "नको" स्पष्ट होतं का? म्हणजे परक्या माणसाला समजंल एवढं? का नुसतं आईला कळलं?

सुजित